एक बी-२ बॉम्बर बनवायला खरंच २ अब्ज डॉलर लागतात का?

"अमेरिकेचं बी-२ विमान एक बनवायला २ अब्ज डॉलर लागतात" हा फॉरवर्ड बऱ्याच वर्षांपासून फिरतोय. आकडा खोटा नाहीये, अर्थ चुकतोय. १९९७ च्या हिशोबाने अख्ख्या प्रोग्रामचा खर्च साधारण ४५ अब्ज, त्यात डिझाइन, टेस्टिंग, शेड सगळं आलं. विमानं बनली २१. भागून बघा, २.१ येतं. पण प्लॅन होता १३२ चा, शीतयुद्ध संपलं, निधी कापला आणि आधीच झालेला खर्च त्या २१ वरच बसला.

लग्नपत्रिका छापताना बघा, प्लेटचा खर्च तोच, ५०० ऐवजी ५० छापल्या की एक पत्रिका केवढ्याला पडते. नुसतं विमान बनवायचा खर्च सुमारे ७४ कोटी डॉलर होता, तोही काही स्वस्त नाही म्हणा.

मग लोक म्हणतात पायलट काढा, ड्रोन बनवा, फुकटात काम. तिथंही हेच गणित, वर जमिनीवरचा क्रू आणि सॅटेलाइट लिंक लागतेच. ग्लोबल हॉक ड्रोनची ऑर्डर कमी झाली तेव्हा त्याचाही दर असाच वर गेला. पुढच्या वेळी असा आकडा आला की एवढंच बघायचं, डेव्हलपमेंट धरून आहे की सोडून, आणि भागिले किती.