गर्भाशय-अंतःस्तर बायोप्सीतील वेदना
गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी घेताना होणारी वेदना व उपकरणांनुसार तिची तुलना. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, चाळिशीनंतरचा अतिस्राव व वंध्यत्व ही या तपासणीची नेहमीची कारणे.

ग्रीवेच्या (गर्भाशयाच्या मुखाच्या) संवेदना मज्जारज्जूच्या त्रिक खंड २ ते ४ कडे, तर गर्भाशयाच्या वरच्या भागाच्या त्याहून वरच्या, वक्षीय १० ते कटी १ या खंडांकडे जातात. म्हणून ग्रीवेभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचले तरी तुकडा घेणारी नळी गर्भाशयाच्या वरच्या टोकाला टेकताच ओटीपोटात कळ येतेच. हे दोन क्षण वेगळे न नोंदल्यास व्हल्सेलम या दातेरी चिमट्याने ग्रीवा धरल्याचे दुखणे नळीच्या खाती जमा होते. अनेक तुलनांत हीच गफलत दिसते.

धातूच्या क्युरेटचा (अस्तर खरवडण्याच्या उपकरणाचा) उगम बहुधा १८४० च्या दशकात, फ्रेंच वैद्य रेकामिए यांच्याकडे जातो. बाह्यरुग्ण पद्धतीच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ केली यांनी १९२५ मध्ये भुलीविना खरवडण्याचा पुरस्कार केला. तथापि अरुंद नळी आणि शोषण यांची सांगड १९३५ च्या नोव्हाक क्युरेटमध्ये दिसते, म्हणून आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक. पंपाने शोषण करणारे व्हाब्रा उपकरण १९७० च्या सुमाराचे, तर कॉर्निए यांची पिपेल १९८० च्या दशकातली.

पिपेल ही लवचीक पॉलिप्रोपिलीनची, ३.१ मिमी बाह्य व्यासाची नळी. टोकाशी बाजूला छिद्र, आत दट्ट्या. नळी वर टेकल्यावर दट्ट्या एका दमात पूर्ण मागे ओढतात आणि नळी गोल फिरवत खाली-वर करतात. छिद्र ग्रीवेबाहेर आले की शोषण संपते, तुकडा अपुरा पडतो, नळी पुन्हा घालावी लागते. दुसऱ्या फेरीचे दुखणे मात्र उपकरणाच्या नावावर चढते.

नोव्हाक व व्हाब्रा यांच्यापेक्षा पिपेल सामान्यतः कमी दुखते. त्याची किंमतही आहे : काढलेल्या गर्भाशयांवरील १९९३ च्या तुलनेत पिपेलने सुमारे ४ टक्के, तर व्हाब्राने सुमारे ४१ टक्के अस्तर खरवडले गेले. पसरलेल्या कर्करोगात याने फारसे बिघडत नाही; पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल उंचवटा) मात्र निसटतो. ४ मिमी कारमन कॅन्युला (लवचीक प्लास्टिकची नळी) व हातसिरिंज हा स्वस्त पर्याय आहे.

वेदना १० सेंमी रेषेवर मोजतात : एक टोक म्हणजे काहीच दुखत नाही, दुसरे म्हणजे असह्य. ग्रामीण विदर्भात वयस्क बाईला रेषेवर खूण करायला सांगण्यापेक्षा ‘सोळा आण्यांत किती दुखलं?’ हे विचारणे सोपे पडते; उत्तर सासूसमोर घेऊ नये. कळ काही मिनिटांत ओसरते, म्हणून नळी आत असताना, काढताच आणि नंतर असे तीनदा विचारावे. गर्भधारणा नाही याची खात्री झाल्यावर इबुप्रोफेन ४०० मिग्रॅ तास-अर्धा तास आधी देतात. पहाटेच्या एसटीने उपाशी आलेलीला आधी खायला घालावे. घाम, मळमळ व मंद नाडी दिसल्यास नळी काढून पाय उंच करावेत.

क्षयाची शंका असल्यास तुकड्याचा एक भाग सलाइनमध्ये ठेवावा. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतूंचे संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) होत नाही, आणि गडचिरोली-मेळघाटातून आलेल्या बाईला तीच कळ पुन्हा सोसावी लागते.