खड्ड्यात चुना टाकला म्हणजे वास गेला?

‘डुकरांच्या विष्ठेच्या खड्ड्यात चार घमेली चुना टाका, वास कायमचा जातो’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तो अगदीच हवेतला नाही. चुन्यामुळे स्लरी, म्हणजे खड्ड्यातलं विष्ठा-मूत्राचं पातळ मिश्रण, अल्कधर्मी होते आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, द्रवातच राहतो, म्हणून फरक जाणवतो. पण त्याच अल्कतेमुळे अमोनिया मोकळा सुटतो. डोळे चुरचुरतात, खतातला नत्रही उडून जातो. आम्ल टाकलं तर नेमकं उलट: अमोनिया द्रवात राहतो, हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि ते जास्त धोक्याचं. शिवाय खड्ड्यात रोज ताजी भर पडते, मग ‘कायमचा’ कुठला?

चुना असो वा विकतची पावडर, पडताळा घरीच घेता येतो. नीट ढवळलेली एकाच खड्ड्यातली स्लरी दोन ड्रममध्ये सारखी भरा. एकात पाण्यात कालवलेली पावडर, दुसऱ्यात तेवढंच नुसतं पाणी. कुठल्यात काय, हे वास घेणाऱ्याला सांगू नका. हा माणूस गोठ्यात न वावरणारा हवा, आपलं नाक सरावलेलं असतं. उघड्यावर, हातभर लांबून, दर आठवड्याला महिनाभर. मूळ खड्ड्यात मात्र वाकू नका: हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वास येणंच बंद होतं.