एका दोरीला किती आमिषे? बास स्पर्धांमधल्या वादाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गंटर्सव्हिल जलाशयावर बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गरवण्याची चार दिवसांची स्पर्धा झाली. विजेत्याच्या वीस बासचे वजन १०२ पौंड ८ औंस भरले, म्हणजे साधारण साडेसेहेचाळीस किलो. त्याच्या दोरीला जे बांधलेले होते, ते गोड्या पाण्यात गरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तोवर पाहिले होते. एक जड डोके, त्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या फुटलेल्या पाच तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला मऊ प्लॅस्टिकची मासोळी. पाण्यातून ओढली की बासचे खाद्य असलेल्या शॅड या लहान माशांचा छोटा थवा चालला आहे असेच वाटावे. या जोडणीला (रिगला) 'अलाबामा रिग' हे नाव रूढ झाले ते तेव्हापासून. २०१२च्या हंगामाच्या तोंडावर सर्वांत जुन्या स्पर्धा-मालिकेने आपल्या वरच्या श्रेणीत ती बंद केली. ज्या मालिकेत तो विजय मिळाला होता, तिने मात्र परवानगी कायम ठेवली. एकाच देशात, एकाच माशासाठी दोन नियम झाले.

बंदीचा आधार होता 'एका वेळी एकच आमिष' हे तत्त्व. ते कोठून आले हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. केंटकीतल्या घड्याळजींनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेली दोरी गुंडाळायची रिळे, १८५२चे चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट, १८९८च्या सुमारास मिशिगनमधल्या डोवाजियॅकच्या तळ्यात कोणी लाकूड कोरता कोरता ढलपी फेकली आणि बासने तिच्यावर झडप घातली आणि त्यातून लाकडी आमिष सुचले ही दंतकथा, हे सगळे गरवणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या मनात राहिली आहे ती २ जून १९३२ची जॉर्जियातली सकाळ. घरी ठोकलेली नाव, दोघे मित्र, दोघांत मिळून एक रॉड आणि एकच लाकडी आमिष. पाळीपाळीने टाकायचे. त्या दिवशी निघालेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासचा विक्रम आजवर मोडलेला नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मिळालेला मासा जेमतेम औंसभराने जास्त भरला, पण नवा विक्रम धरायला दोन औंसांचे अंतर लागते, म्हणून बरोबरी नोंदली गेली. बासच्या जगात 'एक माणूस, एक रॉड, एक आमिष' या चित्राला जे जवळजवळ पवित्र स्थान आहे, त्यात या सकाळीचा वाटा मोठा आहे.

खरा खेळ मात्र धरणांनी घडवला. गंटर्सव्हिलचा बांध १९३९ मध्ये पुरा झाला. पुढच्या तीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेत एकामागून एक नद्या अडवल्या गेल्या आणि अनेक जलाशयांत उभी झाडे तशीच पाण्याखाली गेली. त्या बुडलेल्या जंगलात काठावरून पोचता येत नाही, नाव लागतेच. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला १९४८ मध्ये केवळ बाससाठी म्हणून नाव बनली. फार्गोमध्ये १९३४ सालीच निघालेली विजेची छोटी मोटर साठच्या दशकात नावेच्या टोकावर बसली आणि पायाने चालू लागली, त्यामुळे दोन्ही हात रॉडसाठी मोकळे झाले. १९४९ मध्ये ओहायोतल्या एका घरी स्वयंपाकघरात वितळवून ओतलेला प्लॅस्टिकचा गांडूळ झाडांच्या फांद्यांतून न अडकता सरकवण्याची युक्तीही याच जलाशयांनी शिकवली. जून १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ जणांनी शंभर डॉलर प्रवेशशुल्क भरून स्पर्धा केली, आणि पैसा आला म्हणून नियम आले.

या नियमांतले शब्द नीट वाचावेत. आमिष 'कृत्रिम'च हवे, जिवंत चालणार नाही, पण डुकराच्या कातडीच्या पट्ट्या चालतील असा अपवाद होता. म्हणजे खऱ्या जनावराचे कातडे कृत्रिमात धरले गेले, कारण तळ्यावरच्या सगळ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या सवयीचे होते. टोकावरच्या त्या मोटरला सगळे 'ट्रोलिंग मोटर' म्हणतात, पण नाव चालवत मागे आमिष ओढत नेणे, म्हणजे ट्रोलिंग, स्पर्धेत निषिद्ध आहे. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातला एक जण बारा फुटांच्या आसपासची लांब काठी घेऊन लव्हाळ्यांत आमिष अलगद सोडायचा आणि जिंकायचा. इतरांनी तक्रार केली, रॉडच्या लांबीवर मर्यादा आली. त्याने आखूड रॉडने तेच काम करून दाखवले आणि त्यातून 'फ्लिपिंग' जन्मले, जे आज नवशिक्यालाही शिकवतात.

आता पाच तारांकडे येऊ. नियम मोजतो आमिषे. अनेक राज्यांचे कायदे मोजतात एका दोरीवरचे गळ. या दोन मोजण्या सर्रास एकच समजल्या जातात, आणि वादाचा निम्मा गोंधळ त्यातून आला. क्रँकबेट या माशाच्या आकाराच्या साध्या टणक आमिषाला दोन तिहेरी गळ असतात, म्हणजे सहा टोके. मोठ्या लाकडी आमिषाला तीन तिहेरी गळ, म्हणजे नऊ. छत्रीच्या पाचही तारांना एकेरी गळ लावले तरी टोके पाचच. काही राज्यांत तीनच गळ चालतात, तिथे उरलेल्या दोन मासोळ्या बिनगळाच्या लावतात. अशा वेळी बिनगळाची मासोळी हे आमिष धरायचे की सजावट? सजावट म्हणाल तर स्पिनरबेट या तारेच्या आमिषाची गरगर फिरणारी चमकती पाती कशात मोडतात? तीही माशाला थव्याचाच भास देतात, आणि त्यांना कोणी कधी वेगळे आमिष म्हणून मोजले नाही.

बंदीच्या बाजूने सांगितले जाई की ही रिग म्हणजे जाळे टाकण्यासारखे आहे, तिला कौशल्य लागत नाही, आणि एका फेकीत दोन-दोन मासे लागतात. शेवटचे खरे आहे, कधीकधी लागतात. पण तीनेक औंसांचे ते धूड जाड विणलेल्या दोरीवर दिवसभर फेकून पाहावे, खांदा सांगतो कौशल्य लागते की नाही. शिवाय वस्तूही नवी नव्हती. अटलांटिक किनाऱ्यावर समुद्री स्ट्राइप्ड बाससाठी नावेमागे छत्री रिग ओढण्याची पद्धत कित्येक दशकांची. नवे होते ते ती हाताने फेकता येईल इतकी हलकी करणे. तिने बदलले ते एवढेच: थंड दिवसांत मोकळ्या पाण्यात, तळ आणि पृष्ठभाग यांच्या मधोमध लटकून राहणारा बास, जो आधी जवळपास कोणाच्याच हाती लागत नसे, तो लागू लागला.

त्याच मधल्या पाण्यातल्या बासला पुढे वेगळ्या वाटेने गाठले गेले. पन्नासच्या दशकाअखेर छोट्या नावांसाठी सोनारचे, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे टिपणारे, खोके निघाले, तेव्हा ते फक्त नावेखालची खोली आणि काही ठिपके दाखवत. २०१०च्या सुमारास मोटर उपग्रहाच्या मदतीने नाव वाऱ्यात जागच्या जागी धरून ठेवू लागली. २०१८ पासून पसरलेल्या समोर पाहणाऱ्या लाइव्ह सोनारमध्ये साठ-सत्तर फुटांवरचा मासा हलताना दिसतो, आपले आमिष त्याच्याकडे जाताना दिसते, तो वळला की पाठ फिरवली हेही दिसते. जिगहेडवरची, म्हणजे जड डोक्याच्या गळावरची, एकच छोटी प्लॅस्टिकची मासोळी त्याच्या डोळ्यांसमोर लटकवत ठेवायची. आमिष एकच, त्यामुळे २०१२च्या तत्त्वाला कुठेही धक्का नाही. पाच तारांवर काही महिन्यांत निर्णय झाला होता. सोनारवर मोठ्या मालिकांनी हात घातला तो वर्षे उलटल्यावर.

एका तुलनेने नव्या मालिकेने २०२४च्या हंगामापासून लाइव्ह सोनार सरसकट बंद केले. दुसरीने २०२५ मध्ये दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात ते वापरण्याची मुभा दिली. छत्री रिग बंद करणाऱ्या सर्वांत जुन्या मालिकेने त्याच वर्षी वरच्या श्रेणीत नावेवर लाइव्ह सोनारचा एकच सेन्सर ठेवायचा नियम केला आणि नावेवरच्या सगळ्या पडद्यांची बेरीज ५५ इंचांपर्यंत बांधून दिली.