पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

विदर्भातल्या जुन्या मालगुजारी वाड्यात माळा आवरताना कधी हिरवट पडलेलं काडतूस सापडतं आणि कुणीतरी लगेच म्हणतं, 'थ्री-नॉट-थ्रीची गोळी दिसते!' तसं असेलच असं नाही. .३०३ हा लष्कराचा बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, सामान्य नागरिकाला बंदी असलेला. म्हणूनच बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं नागरिकांसाठी .३१५ ची रायफल काढली. दोन्हींची काडतुसं पितळी, दोन्हींच्या बुडाला कडा. नुसत्या नजरेनं फसायला होतं.

आधी नावं नीट घ्यावीत. पितळी पुंगळी, बुडातली ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, हे सगळं मिळून काडतूस. गोळी म्हणजे फक्त उडून जातो तो भाग. .३०३ हे इंचातलं माप नळीच्या आतल्या व्यासाचं. गोळी त्याहून जाड, साधारण ०.३११ इंच असते, कारण नळीतल्या पिळाच्या खाचा तिनं घट्ट धरायला हव्यात.

आता .३०३ च्या पुंगळीचं बूड. 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा, तेव्हाच्या किरकीचा कारखाना. मधला बाण सरकारी मालाचा. दोन आकडे सालाचे. रोमन सात म्हणजे १९१० साली लष्करात आलेली टोकदार गोळी. सोबत 'झेड' असेल तर आत कॉर्डाइट ही जुनी, दोऱ्यांसारखी दारू नाही, नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. टोपीभोवतीच्या रंगाचं कडंही बोलतं: जांभळं साध्या गोळीचं, लाल ट्रेसरचं, म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळीचं, हिरवं चिलखतभेदी, निळं आग लावणाऱ्या गोळीचं.

टोपीवर बंदुकीच्या ठोक्याचा खड्डा आहे आणि गोळी मात्र जागेवरच, असं काडतूस 'मेलेलं' समजू नका. ते फक्त उडालेलं नाही. पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण गेले, आणि ते काम तर लष्करी मैदानावरचं होतं. विनापरवाना काडतूस बाळगणं १९५९च्या शस्त्र कायद्यानं गुन्हाही आहे. हात न लावता ठाण्यात कळवावं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुंगळीच्या मानेजवळची, म्हणजे तोंडालगतच्या निमुळत्या भागावरची, निळसर-तपकिरी झाक. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या मानेला आपोआप चिरा पडत. कुणी हाताळलंही नसताना! १९२०च्या सुमारास धातुशास्त्रज्ञांनी कारण शोधलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळातल्या तांब्यावर चढतो. पुंगळी ओढून, आवळून घडवताना धातूत ताण अडकून राहिलेला असतोच. दोन्ही मिळाले की पितळाच्या कणांच्या सीमेवरून चीर धावते. गुरांच्या कोठ्यातल्या झणझणीत वासात हाच अमोनिया असतो.

उपाय सोपा निघाला: मान तापवून ताण मोकळा करायचा. ती झाक त्या तापवण्याचीच. अनेक लष्करी पुंगळ्यांवर ती तशीच राहू देतात. घरातली पितळी भांडी घासावीत तशी पुंगळी चिंचेनं लख्ख केली, की ही झाक जाते आणि टोपीभोवतीचा रंगही.