आल्डी आणि ट्रेडर जोज: मालक एकच नाही

आल्डी आणि ट्रेडर जोज या अमेरिकेत दिसणाऱ्या वाणसामानाच्या दुकानांच्या दोन साखळ्या. तिथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना हमखास ऐकवलं जातं, "ट्रेडर जोज म्हणजे आल्डीचंच दुकान, नाव तेवढं वेगळं." वर्षानुवर्षं फिरणारी ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच आल्डीच्या मालक घराण्याचा खरा इतिहास आहे.

जर्मनीतल्या एसेन शहरात आना आल्ब्रेख्त या बाईंनी 1913 साली छोटंसं वाणसामानाचं दुकान टाकलं. महायुद्धानंतर, 1946 मध्ये, कार्ल आणि थिओ या मुलांनी ते हाती घेतलं. मोजकाच माल, साधी मांडणी, कमी भाव. धंदा फोफावला. पण 1960च्या सुमारास भावाभावांत वाटणी झाली. सिगारेटी विकायच्या की नाही यावरून बिनसलं असं सांगतात. थिओकडे जर्मनीचा उत्तर भाग, कार्लकडे दक्षिण. आल्ब्रेख्त आणि डिस्काउंट मिळून झालेलं 'आल्डी' हे नाव दोघांनीही लावलं, आणि घोळ इथेच सुरू होतो.

अमेरिकेत ट्रॉलीसाठी 25 सेंटचं नाणं अडकवावं लागतं ते आल्डी कार्लच्या दक्षिण शाखेचं, 1976 पासूनचं. ट्रेडर जोज मात्र मूळचं कॅलिफोर्नियातलं, जो कूलोम्ब यांनी 1967 मध्ये पॅसाडिनात उघडलेलं. ते 1979 मध्ये विकत घेतलं थिओने. म्हणजे ही दोन दुकानं दोन चुलत घरांची आहेत. आजी एक, गल्ले वेगळे.