इटालो बाल्बो: फेराराचे ट्रक ते तोब्रुकचं आकाश

इटलीतला फॅसिस्ट नेता इटालो बाल्बो म्हटलं की सगळे विमानांबद्दल बोलतात, पण त्याची सुरुवात विमानांपासून झालेली नाही आणि ती आधीची बाजू झाकून त्याचं आयुष्य सांगणं मला पटत नाही. जन्म १८९६ चा, उत्तर इटलीतल्या फेराराजवळचा. पहिल्या महायुद्धात तो आल्पिनी म्हणजे डोंगरी सैन्यात अधिकारी होता, मेडल्स मिळवली, युद्धानंतर फ्लोरेन्सला जाऊन चक्क मॅझिनीच्या विचारांवर प्रबंध लिहिला. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला प्रजासत्ताकवादी मॅझिनी आपल्याकडच्या वाचकांनाही चांगला ओळखीचा, त्यामुळे तिथून हा माणूस १९२१ मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्टांकडे कसा गेला हा प्रश्न पडतोच.

तेव्हा पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या समाजवादी संघटना जोरात होत्या आणि जमीनदार घाबरलेले, त्यांच्या पैशावर फॅसिस्टांच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्या उभ्या राहिल्या आणि फेराराच्या टोळ्यांचा म्होरक्या झाला बाल्बो. माणसांना झोडायचं, जबरदस्तीने एरंडेल पाजायचं, युनियनची ऑफिसं जाळायची. जुलै १९२२ मध्ये राव्हेन्नाला त्याने पोलीसप्रमुखाला दमदाटी करून ट्रक मिळवले आणि त्यात माणसं भरून एक दिवस-रात्र आख्ख्या भागात जाळपोळ करत फिरला, हे त्याने स्वतःच्या डायरीत अभिमानाने लिहून ठेवलंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुसोलिनीला सत्तेवर आणणाऱ्या रोमवरच्या मोर्च्याचे जे ४ प्रमुख होते त्यात हा सगळ्यात तरुण, वय २६. पुढच्याच वर्षी आर्जेन्ताचे पाद्री डॉन मिंझोनी यांचा फॅसिस्टांनी लाठ्यांनी मारून खून केला, त्या प्रकरणात बाल्बोचं नाव आलं आणि १९२४ मध्ये त्याला मिलिशियाचं म्हणजे फॅसिस्टांच्या सशस्त्र दलाचं प्रमुखपद सोडावं लागलं. पण राजकारणातून बाद वगैरे काही झाला नाही. १९२६ मध्ये हवाई खात्याचा उपमंत्री, १९२९ मध्ये मंत्री.

विमान चालवायचं त्याने मनापासून शिकून घेतलं हे मान्य करायलाच हवं. एकेकट्या वैमानिकाचे विक्रम त्याला नको होते, शिस्तीत उडणारा ताफा हवा होता. १९३१ च्या जानेवारीत ब्राझील गाठलं, मग १९३३ च्या जुलैमध्ये ओर्बेतेल्लोहून २५ सी-प्लेन निघाली. सावोया-मार्केत्ती एस-५५, जोडनावेसारखी दोन धडं, मधल्या पंखात कॉकपिट आणि वर एकामागे एक दोन इंजिनं. अ‍ॅमस्टरडॅमला उतरताना एक अपघातात गेलं, बाकीची २४ आइसलँड, लॅब्राडोर, मॉन्ट्रिअल करत शिकागोला मिशिगन सरोवरात उतरली. तिथे एका रस्त्याला त्याचं नाव दिलं, रूझवेल्टने जेवायला बोलावलं. पुढच्या वर्षी मुसोलिनीने शिकागोला एक प्राचीन रोमन खांब भेट दिला, तो आजही तिथे उभा आहे आणि २०१७ मध्ये रस्त्याचं नाव नि खांब दोन्ही काढा अशी मागणी झाली तरी दोन्ही राहिले. ती मागणी मला रास्तच वाटते, कारण खांबावर फॅसिस्ट इटलीचं नाव स्पष्ट कोरलंय. आणि या सगळ्या गाजावाजाने इटलीचं हवाईदल काही मजबूत झालं नाही, १९४० ला युद्धात उतरताना त्यांच्याकडे अजून सीआर-४२ सारखी दुहेरी पंखांची फायटर होती.

शिकागोहून परत आल्यावर बाल्बोला एअर मार्शल केलं, आणि काही महिन्यांतच लिबियाचा गव्हर्नर म्हणून लांब पाठवलं, इतकी लोकप्रियता मुसोलिनीला चालणारी नव्हती असं बरेच इतिहासकार मानतात. तिथे ट्युनिशियाच्या सीमेपासून इजिप्तच्या सीमेपर्यंत सुमारे १८०० किमीचा किनारी रस्ता झाला, १९३८ मध्ये एका झटक्यात २० हजार इटालियन शेतकरी आणून वसवले. जमीन अर्थातच लिबियन लोकांची. त्याच वर्षी ज्यूविरोधी कायद्यांना आणि हिटलरशी दोस्तीला त्याने पक्षात उघड विरोध केला, हेही खरंच.

२८ जून १९४० ला लिबियातल्या तोब्रुकवर ब्रिटिश बॉम्बर नुकतेच येऊन गेले होते आणि बाल्बोचं एसएम-७९ विमान उतरायला आलं, खालच्या इटालियन तोफांनीच ते पाडलं, आतले सगळे गेले. मुसोलिनीनेच घडवून आणलं अशी कुजबुज बरीच झाली, पण पुरावा गोंधळाकडेच बोट दाखवतो. बाल्बोच्या जागी मार्शल ग्रॅझियानी आला. डिसेंबरमध्ये ब्रिटिशांनी आणि चौथ्या भारतीय डिव्हिजनने इजिप्तमधल्या सिदी बर्रानीला इटालियन सैन्यावर हल्ला केला आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याला बेडा फोमजवळ बाल्बोच्याच किनारी रस्त्यावर अडवून संपवलं.