नमुना आमचा, लस कोणाची?

पुढच्या जागतिक साथीला एकत्र तोंड देण्यासाठी देशोदेशींनी आखलेल्या महासाथ कराराची चर्चा पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडते. विषाणूचा नमुना जगाला देणाऱ्या देशाच्या पदरात काय पडणार? हा प्रश्न कोविडने आणला असे अनेकांना वाटते. खरे तर तो २००७ मध्येच जकार्तात उभा राहिला होता.

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ मध्ये देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे जाळे विणले. (पुण्यातली आजची राष्ट्रीय विषाणू संस्थाही त्याच वर्षीची.) देशांनी नमुने पाठवायचे, मोजक्या केंद्रांनी ते तपासायचे आणि पुढच्या हंगामाची लस कशावर बेतायची ते ठरवायचे. सारा मामला विश्वासाचा होता. नमुना पुढे कोणत्या कंपनीच्या हाती गेला, हे देणाऱ्याला कळेलच असे नसे.

इंडोनेशियात बर्ड फ्लूने माणसे दगावत होती. तिथल्याच विषाणूवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस तयार करत असल्याचे उघड झाले. आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणे थांबवले. विषाणू आमचा, आणि उद्या साथ आली तर लस मात्र श्रीमंतांना, हे त्यांना मान्य नव्हते. नमुने रोखल्याने सगळे जग धोक्यात येते, अशी टीका झाली. ती रास्तच होती, पण सुपारींच्या तक्रारीचे उत्तर टीकाकारांकडे नव्हते. त्याच वादाच्या धगीत २००८ मध्ये ‘जिसएड’ हा फ्लूच्या जनुकीय माहितीचा साठा सुरू झाला. तिथली माहिती वापरणाऱ्याने ती देणाऱ्याचे श्रेय मान्य करायचे, अशी अट होती.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. तोंडाला रुमाल बांधून फिरणारे पुणे अनेकांना आठवत असेल. तेव्हाही लशीचा मोठा हिस्सा श्रीमंत देशांनी आगाऊ नोंदवून ठेवला. अखेर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नियमावली झाली: जाळ्यातले नमुने वापरणाऱ्या कंपन्यांनी पैसे द्यायचे आणि साथीत लस किंवा औषधांचा काही वाटा द्यायचा. पण ती फक्त महासाथीच्या फ्लूपुरती.

कोरोना त्यात बसतच नव्हता. शिवाय जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूची जनुकीय क्रमवारी खुली केली आणि दोनच दिवसांत मॉडर्नाच्या लशीचा आराखडा ठरला. नमुन्याची कुपी जागची हललीही नाही, प्रवास झाला तो जनुकीय क्रमवारीच्या अक्षरांचा. मग वाटा मागायचा कशाच्या बदल्यात?

लस गरीब देशांपर्यंतही पोहोचावी, यासाठी उतारा म्हणून ‘कोव्हॅक्स’ ही जागतिक लसवाटपाची योजना निघाली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे ६ लाख डोस घानातल्या अक्रा विमानतळावर उतरले. या योजनेची ती पहिली खेप. बरोबर महिन्याने, २४ मार्चला, महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन खास बदल आढळल्याचे केंद्राने जाहीर केले. पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला विषाणू याच कुळातला. दुसऱ्या लाटेत भारताने लस आधी घरी वळवली आणि कोव्हॅक्सचा पुरवठा नोव्हेंबरपर्यंत खोळंबला. दवाखान्यात खाट मिळत नसताना दुसरे काय झाले असते? एकाच कारखान्यावर एवढी मदार ठेवणे ही योजनेचीच चूक. २०२१ अखेरपर्यंत २०० कोटी डोस द्यायचे ठरले होते. जानेवारी २०२२ च्या मध्यापर्यंत १०० कोटी गेले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन हेरला आणि लगोलग जगाला कळवले. बक्षीस म्हणून त्यांच्या विमानांना बंदी मिळाली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत कुप्यांत भरलेली जॉन्सन अँड जॉन्सनची काही लस युरोपला रवाना झाली होती. सुपारींना हे सांगावे लागले नसते.

२० मे २०२५ रोजी जिनिव्हात महासाथ करार संमत झाला. सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळात उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंत वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करायचा, त्यातला निम्मा तरी फुकट, असे त्यात आहे. नमुने आणि जनुकीय माहिती कोणत्या अटींवर द्यायची, हे मात्र वेगळ्या जोडपत्रावर सोडले, आणि ते मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही.